सरासरी अठ्ठावीस

त्या दोघी बहिणी. थोरलीला सगळी गल्ली ताई म्हणायची आणि धाकटीला सगळे धाकटीच म्हणायचे. धाकटी चव्वेचाळिशीला आली, केसांत पांढरं दिसायला लागलं, चष्मा लागला, तरी धाकटी ती धाकटीच. गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर त्यांची एक लांबट खोली होती. खिडकीशी विणकामाची दोन हातमशिनं, त्यांच्या मागे जोडणीचं टेबल, टेबलामागे पडदा आणि पडद्यामागे घर. घर म्हणजे काय, तर एक पलंग, एक शेगडी आणि वर माळा. पलंगावर ताई झोपायची, माळ्यावर धाकटी. माळ्यावर ताठ बसायची सोय नव्हती. एकवीस वर्षांपूर्वी ताईचा नवरा गेला तेव्हा धाकटी पंधरा दिवस सोबत करायला म्हणून आली होती. पंधरा दिवस संपले, परत जायचं राहून गेलं, आणि तिला त्याबद्दल कधी कुणी विचारलंही नाही.

धंदा शाळेच्या स्वेटरांचा. शाळा लहान, कुठे साठ पोरं, कुठे ऐंशी. कामाची रीत ठरलेली होती. ऑर्डर आली की धाकटी गळ्यात टेप अडकवून शाळेत जायची, व्हरांड्यात पोरांची रांग लावायची आणि एकेकाला हात वर करायला सांगून छाती, उंची, बाही वहीत उतरवायची. खरं सांगायचं तर टेपची तिला गरजच नव्हती. पोरगं रांगेत तिसरं असतानाच तिच्या तोंडून आकडा निघायचा, टेप आपला खात्री करायला. हा आता किडकिडीत दिसतोय पण वर्षभरात ताडमाड होणार, याला दोन इंच जास्त धर. ही मोठ्या बहिणीचा वापरलेला घालून आलीय, हिला तरी अंगाबरोबर बसणारा दे. असं सगळं ती वहीच्या कडेला लिहून आणायची. ताई मग मशिनवर बसायची, आणि स्वेटर परत आला असं सहसा घडायचं नाही.

एवढं सगळं असून वर्ष सरताना हातात काय, तर मोठं शून्य. दोघी राबराब राबायच्या, कुणाचं देणं बुडवत नव्हत्या, उधळपट्टीचं तर नावच नको, आणि तरी नवी सुई घ्यायची म्हटली तर चार दिवस विचार. ताईच्या जिवाला त्याची सारखी टोचणी. शेवटी ती बँकेत गेली, तिसऱ्या मशिनसाठी कर्ज मागायला. काउंटरवरच्या माणसानं तिला विचारलं, तुमची उलाढाल किती? ताई म्हणाली, आमचं दोघींचं बरं चाललंय. त्यानं डोक्यावरून हात फिरवला आणि तिला एक कागद दिला. छोट्या धंदेवाल्यांसाठी बँकेच्या वरच्या मजल्यावर वर्ग चालायचा, आठ शनिवार, दुपारी तीन ते पाच. तो पुरा करून दाखला आणा, मग बघू.

ताई वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी नवी वही घेऊन वर्गात जाऊन बसली. शेजारी एक फुलवाली, पुढे किल्ल्या बनवणारा, मागे पाळणाघर चालवणाऱ्या दोघी. शिकवायला एक निवृत्त गृहस्थ, उभा जन्म आकडेवारीच्या कार्यालयात काढलेले. त्यांना सगळे सर म्हणायचे. सर मोठे छान शिकवायचे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांच्या नावानं बोटं मोडायला लागाल. त्या माणसाची काही चूक नव्हती. ते प्रत्येक शब्द त्या त्या माणसाच्या धंद्यातूनच समजावून द्यायचे.

पहिल्या शनिवारी उलाढाल आणि नफा. महिन्यात जेवढ्याची विक्री झाली ती सगळी उलाढाल, त्यातून खर्च वजा जाता उरतो तो नफा. उलाढालीकडे बघून छाती फुगवणारे पुष्कळ असतात आणि त्यांतले निम्मे बुडालेले असतात, असं सर म्हणाले. किल्लीवाल्यानं मान खाली घातली. दुसऱ्या शनिवारी खर्चाच्या दोन जाती. स्वेटर विणला तर लोकर लागते, नाही विणला तर नाही लागत, म्हणून लोकर हा बदलता खर्च. खोलीचं भाडं मात्र तुम्ही विणा नाहीतर झोपा काढा, द्यावंच लागतं, तो स्थिर खर्च. ताईनं हिशेब मांडला. एका स्वेटरला लोकर, गुंड्या, बिल्ला, वाफेची इस्त्री धरून दोनशेवीस. शाळा द्यायची तीनशेसत्तर. म्हणजे स्वेटरमागे दीडशे सुटतात. महिन्याला सरासरी एकशेतीस स्वेटर होतात, त्याचे साडेएकोणीस हजार. त्यातून भाडं आठ हजार, वीज-तेल-सुया आणि किरकोळ दोन हजार. उरले साडेनऊ हजार. नफा! ताईला केवढं बरं वाटलं. तिनं हात वर करून आकडा सांगितला.

सरांनी फळ्यावर तो लिहिला आणि विचारलं, "आणि विणतं कोण?"

"मी आणि धाकटी बहीण."

"दोघींचा पगार कुठाय यात?"

वर्गात कुणीतरी हसलं. ताईही हसली, कारण तिला वाटलं सर गंमत करताहेत. सर गंमत करत नव्हते. तुम्ही उद्या आजारी पडलात आणि बाहेरची बाई ठेवली तर ती फुकट विणेल का, असं त्यांनी विचारलं. मग तुमचे हात तेवढे फुकट कसे? त्यांनी दोघींचे नऊ-नऊ हजार धरले. मशिन झिजतं, दहा-बारा वर्षांनी नवं घ्यावं लागणार, त्या झिजेला घसारा म्हणतात, तो महिन्याला दोन हजार. स्थिर खर्च झाला तीस हजार. तीस हजाराला दीडशेनं भागा. दोनशे. महिन्याला दोनशे स्वेटर विकले तर ना नफा ना तोटा, त्याच्या वर गेलात तर नफा, खाली राहिलात तर तोटा. तुम्ही एकशेतीसवर आहात. ताईनं मनातल्या मनात वजाबाकी केली. महिन्याला साडेदहा हजाराचा खड्डा, आणि तो खड्डा एकवीस वर्षं कशानं भरत होता ते तिला त्या बाकावर बसल्या बसल्या लख्ख दिसलं. स्वतःचं सोडा हो, स्वतःच्या धंद्यात माणूस मरमर मरतोच. पण धाकटीला तिनं आजवर पगार म्हणून एक पैसा दिला नव्हता. जेवण, वर्षाला दोन कपडे, लागेल तशी औषधं. मोलकरीण ठेवली असती तर तिनं याहून जास्त भांडून घेतलं असतं.

घरी आल्यावर ती धाकटीशी नीट बोलू शकली नाही. पुढे दोन दिवसांनी, भांडी घासता घासता, तिनं एवढंच सांगितलं की यापुढे तुझे दिवस धरायचे, महिन्याला नऊ हजार, आत्ता नसले तरी वहीत तुझ्या नावावर लिहायचे. धाकटीला आधी काही कळेचना. मग कळलं तेव्हा ती माळ्यावर निघून गेली आणि बराच वेळ खाली उतरली नाही.

धाकटीचे स्वतःचे म्हणून पैसे होते ते असे: नव्वद हजार. एका शिलाई कारखान्याची काजं-बटणं ती घरी आणून करायची, शंभर काजांमागे चिल्लर, आणि ती चिल्लर अकरा वर्षं साठवून झालेले ते पैसे. दोन गल्ल्या सोडून एका चष्मेवाल्याच्या दुकानावर एक खोली होती, एकच खोली, पण तिला रस्त्याकडे खिडकी होती आणि तिच्यात ताठ उभं राहता येत होतं. तिथला भाडेकरू चार महिन्यांनी जाणार होता. अनामत नव्वद हजार. चष्मेवाला भला माणूस, तो म्हणाला तुमच्यासाठी थांबतो, पण चार महिन्यांच्या वर नाही. धाकटी आठवड्यातून एकदा तरी त्या रस्त्यानं जायची आणि वर बघून यायची. ताईला हे माहीत होतं. तिला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं.

पाचव्या शनिवारी खेळतं भांडवल शिकवलं. लोकर आज रोखीनं आणायची, स्वेटर दोन महिन्यांनी द्यायचे, शाळा पैसे देणार त्यानंतर दीड महिन्यानं. एवढा काळ जे पैसे धंद्यात अडकून पडतात ते. ते नसले तर मोठी ऑर्डर दारात येऊनही परत जाते. आणि नेमकी त्याच आठवड्यात मोठी ऑर्डर दारात आली. गावाच्या दुसऱ्या टोकाची मोठी शाळा, चारशे स्वेटर, बाटलीहिरवा रंग, गळ्याला आणि बाहीला दोन पिवळे पट्टे, मुदत आठ आठवडे. त्यांचा नेहमीचा पुरवठादार ऐनवेळी मागे सरला होता. ताईनं भराभर आकडे मांडले. दोन महिन्यांत चारशे म्हणजे महिन्याला दोनशे. बरोबर काट्यावर! नफा नाही, तोटा नाही, पण दोघींचा पगार निघतो. कुणाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. ताईला ती स्वर्गाएवढी वाटली, कारण आयुष्यात पहिल्यांदा धाकटीच्या हातावर अठरा हजार ठेवता येणार होते.

अडलं ते लोकरीवर. चारशे स्वेटरांचा बदलता खर्च अठ्ठ्याऐंशी हजार, आणि बँकेचं कर्ज दाखला मिळेपर्यंत नाही. ताई दोन दिवस वहीतले तेच आकडे पुन्हा पुन्हा मांडत बसली. धाकटीनं ते ओळखलं आणि बचतीचं पुस्तक आणून टेबलावर ठेवलं. ताई नको नको म्हणाली, पण तिच्या नको म्हणण्यात फारसा जोर नव्हता हे दोघींनाही कळत होतं. चष्मेवाल्याची मुदत आणि शाळेचे पैसे येण्याची तारीख यांत दहा दिवसांचं अंतर होतं. बसत होतं बरोबर.

सहाव्या शनिवारी सरांनी सरासरी घेतली. सगळे आकडे मिळवायचे आणि जितके आकडे तितक्यांनी भागायचं, हे तर शाळकरी पोरालाही येतं, ते म्हणाले. पण सरासरीचा उपयोग काय, ते बघा. आणि त्यांनी फळ्यावर एक टेकडी काढली. माणसांची उंची घ्या, वजन घ्या, बुटांची मापं घ्या, बहुतेक माणसं मधल्या उंचवट्यात सापडतात आणि दोन्ही उतारांवर थोडी थोडी. एकेकाला मोजत बसावं लागत नाही. मधला आकडा कळला की कुठल्या मापाचा किती माल ठेवायचा त्याचा अंदाज बांधता येतो. एकेकाला मोजायला लागणारी मजुरी वाचते. ताई ती टेकडी वहीत उतरवून घेत होती. एकवीस वर्षं तिला कुणी असं काही दाखवलं नव्हतं. आपण अडाण्यासारखं करत आलो, असं तिला मनापासून वाटलं.

घरी धाकटी टेप शोधत होती. शाळा मोठी आहे, माझ्या एकटीनं आवरायचं नाही, दोघी जाऊ, चार दिवस लागतील, असं तिचं चाललेलं. ताई खुर्चीत बसून हसली आणि तिनं हिशेब सांगितला. दोघींचे चार-चार दिवस म्हणजे आठ दिवस. दिवसाचे तीनशे, झाले चोवीसशे. चारशे स्वेटरांवर वाटले तर स्वेटरमागे सहा. फुकटचे सहा!

"पण पोरं बघायला नकोत का?" धाकटी म्हणाली.

"तुझे चार दिवस आता फुकटचे नाहीत," ताई म्हणाली. "आजपर्यंत मी ते उधळले. यापुढे नाही उधळायची."

हे ती इतक्या प्रेमानं म्हणाली की धाकटीनं टेप खाली ठेवला. तिला कधी कुणी असं म्हटलं नव्हतं. एरवी ती हट्टाला पेटली असती, पण आपल्या दिवसांना किंमत आहे असं कुणी म्हणत असताना त्याच्याशी भांडायचं कसं?

ताईनं शाळेच्या कचेरीत फोन केला. खेळाच्या मास्तरांनी आरोग्याच्या कार्डांसाठी सगळ्यांच्या छात्या मोजलेल्या होत्याच. कारकून म्हणाला, यादी देऊ का? न्यायला कुणाला तरी यावं लागेल. तर ताई ऐटीत म्हणाली, यादी नको, सरासरी किती तेवढी सांगा. कारकुनानं खटाखट बटणं दाबली आणि सांगितलं, बरोबर अठ्ठावीस. इतका नेमका आकडा आला म्हणून दोघांनाही समाधान वाटलं. ताईनं टेकडी काढली. अठ्ठावीसचे एकशेसाठ. सव्वीसचे नव्वद, तिसाचे नव्वद. चोवीस आणि बत्तीसचे पंचवीस-पंचवीस. बावीस आणि चौतीसचे पाच-पाच. बेरीज चारशे. कागदावर ती इतकी देखणी दिसत होती की तिनं तो कागद मशिनसमोर भिंतीला चिकटवला.

मग सुरू झालं काम. सकाळी सहाला मशिनची पेटी इकडून तिकडे धावायला लागायची ती दिवे लागेपर्यंत. पुढा, पाठ, दोन बाह्या, गळा. दिवसाला दोघींचे मिळून आठ. सातव्या शनिवारी ताई वर्गाला गेलीच नाही, कारण एक दुपार म्हणजे दोन स्वेटर. आठव्या शनिवारी दाखला घ्यायला गेली तेव्हा फुलवालीनं स्वतःची वही पुढे केली, मागचं उतरवून घ्या म्हणून. ताई म्हणाली, सवडीनं घेईन. तोवर अठ्ठावीसचे शंभर विणून झाले होते. ती वही तिनं त्या वेळी उघडली असती तर... पण ही असली वाक्यं बोलून उपयोग काय?

पन्नासाव्या दिवशी काम पुरं झालं. मुदतीत उरलेले दिवस इस्त्री आणि घड्या. टेम्पोत गठ्ठे भरून दोघी शाळेत पोचल्या तेव्हा मधली सुट्टी होती. गेटातून आत शिरता शिरता धाकटी थबकली. एका बाजूला वाळूत बारकी बारकी पोरं, पार सहा-सात वर्षांची. पलीकडे भिंतीला टेकून मिसरूड फुटलेले मुलगे, आणि त्यांच्याएवढ्याच मुली. धाकटीची नजर मैदानभर फिरली आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, मधली पोरं कुठायत?"

ताईला प्रश्न कळला नाही. गठ्ठे उतरवून घ्यायला आलेल्या कारकुनाला कळला. मधले वर्ग गेल्याच वर्षी पुलापलीकडच्या नव्या इमारतीत गेले, तो म्हणाला. इथे फक्त पहिल्या तीन इयत्ता आणि शेवटच्या दोन. पलीकडच्यांचा गणवेश वेगळा. हे त्यानं कुणाला सांगायचं कारणच नव्हतं. यादी देऊ का म्हणून तर विचारलं होतं त्यानं.

तरीही गठ्ठे सोडले, कारण सोडायचे तर होतेच. पहिल्या बाकावरच्या पोराला अठ्ठावीसचा घातला तर बाह्या हाताखाली वीतभर लोंबल्या आणि ते पोर हरखून हात फडफडवायला लागलं. वरच्या वर्गातल्या एका दांडग्यानं तिसाचा डोक्यातून घालायचा प्रयत्न केला, तो खांद्यांत अडकला, आणि सगळा वर्ग हसून लोळला. ताई एकेक उचलून पोरांच्या अंगाला लावत होती, हा बघ, तो बघ, आणखी एक बघ. धाकटी आपली अंगाला बसणारे एका बाजूला आणि न बसणारे दुसऱ्या बाजूला ठेवत होती. शेवटी बसणारे भरले एकशेवीस. न बसणारे दोनशेऐंशी.

मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. त्यांनी दहा दिवस दिले. दोनशेऐंशी स्वेटर विणायला लागतात पस्तीस दिवस, तोवर थंडी थांबून बघत बसत नाही. शाळेनं उरलेले एका कारखान्याकडून तयार घेतले. उसवून लोकर तरी परत मिळवावी, तर वाफेची इस्त्री फिरलेली लोकर कुरळी होऊन बसते आणि मशिनमध्ये फटाफट तुटते. दोघींनी बारा स्वेटर उसवून पाहिले आणि नाद सोडला. बाटलीहिरव्यावर दोन पिवळे पट्टे दुसऱ्या कुठल्या शाळेला चालणार? न विकल्या जाणाऱ्या मालाला काय म्हणतात ते ताईला वर्गात शिकवलं होतं. आता तो पडीक माल पलंगावर होता, टेबलाखाली होता, आणि माळ्यावरही चढवावा लागला. धाकटी त्या गठ्ठ्यांच्या मधल्या फटीत झोपायची.

ताई वही घेऊन सरांकडे गेली. तक्रार करायला नव्हे, तिला फक्त कळून घ्यायचं होतं. सर वाचता वाचता थांबले, चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. मग कागदावर त्यांनी टेकडी न काढता दोन टेकड्या काढल्या, एक चोवीसच्या डोक्यावर, एक चौतीसच्या, आणि मध्ये सपाट जमीन. अठ्ठावीस त्या सपाट जमिनीवर होतं. तिथे एकही पोरगं नव्हतं. सगळ्यांना लहान ते मोठं असं रांगेत उभं केलं असतं तर मधोमध येणारं पोर निघालं असतं सव्वीसचं, त्याला मध्यक म्हणतात. सगळ्यात जास्त पोरं ज्या मापाची, ते चोवीस, त्याला बहुलक म्हणतात. सरासरी अठ्ठावीस. तीन शब्दांची तीन वेगळी उत्तरं आली की समजायचं, इथे काहीतरी गडबड आहे, जाऊन डोळ्यांनी बघा.

"हे मी सातव्या शनिवारी शिकवलं होतं," सर म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांनाच ते नको होतं असं दिसलं. त्यांनी चहा टाकायला लावला. ताई चहासाठी थांबली नाही.

तिला रस्त्यात रडू आलं नाही, घरी आल्यावरही नाही. तिला राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. फसवलं असतं कुणी तर बरं झालं असतं. इथे सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं होतं आणि सगळ्यात जास्त मन लावून तिनं.

एक जुन्या कपड्यांचा व्यापारी येऊन तो माल उचलून गेला, नगाला साठ. त्यानं उसवलेल्या बारांचे लोंबते धागेही त्याच भावात घेतले, तेवढा उदारपणा. दीड महिन्यानं शाळेचे पैसे आले. चष्मेवाल्याची मुदत त्या आठवड्यात संपत होती. रविवारची दुपार होती. ताईनं धाकटीला टेबलाशी बसवलं आणि वही उघडली. तुझे पैसे आहेत, तुला सगळं कळायला हवं, असं ती म्हणाली. मग तिनं एकेक ओळ वाचली. शाळेकडून एकशेविसांचे चव्वेचाळीस हजार चारशे. व्यापाऱ्याकडून सोळा हजार आठशे. एकूण एकसष्ट हजार दोनशे. खर्च: लोकर वगैरे अठ्ठ्याऐंशी हजार. दोन महिन्यांचं भाडं सोळा हजार. वीज आणि किरकोळ चार. घसारा चार. तिच्या स्वतःच्या पगाराचे अठरा हजार तिनं आधीच खोडलेले होते, वाचताना ती ओळ तिनं सोडून दिली. धाकटीचे अठरा हजार मात्र तिनं स्वच्छ वाचले, दोन महिने, नऊ-नऊ हजार. एकूण एक लाख तीस हजार. तोटा अडुसष्ट हजार आठशे.

धाकटी ऐकत होती. यातलं किती तिला कळलं, ताईला सांगता आलं नसतं. नव्वदातले किती उरले ते तिनं विचारलं नाही. मधल्या दिवसांत दोघी जेवल्याही होत्या आणि भाडंही थकवून चाललं नव्हतं. चष्मेवाल्याकडे ती सकाळीच जाऊन आली होती, ताईला न सांगता. खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणून.

"हे अठरा हजार," धाकटीनं त्या ओळीवर बोट ठेवलं, "हे माझ्या दिवसांचे ना?"

"हो. ते तुझं देणं आहे माझ्यावर. आज ना उद्या देईन मी."

"ते खोड," धाकटी म्हणाली. "तेवढा तोटा कमी होईल."

ताईनं तिच्याकडे पाहिलं. धाकटी हे रागानं म्हणाली असती, टोमणा मारला असता, तर ताईनं पाय धरले असते तिचे. पण ती नेहमीसारखंच बोलत होती, दूध संपलंय म्हणून सांगावं तसं. तिला खरोखरच मदत करायची होती. ताईनं नाही म्हणून मान हलवली. धाकटीनं पेन उचलून तिच्या हातात दिलं आणि वाट बघत बसली.

ताईनं ओळ खोडली. मग वजाबाकी पुन्हा केली. तोटा पन्नास हजार आठशे आला.